शकूवहिनीचे हात

दादाचा फोन आला तेव्हा मी बँकेत डबा खात होतो. "शकू गेली रे," एवढंच तो म्हणाला आणि माझ्या हातातला घास शर्टावर पडला. लोणच्याचं तेल, बरोबर खिशाच्या खाली. लिहायला लाज वाटते, पण सांगतो... वहिनी गेली हे कळल्यावर मी पहिलं काम काय केलं, तर रुमाल ओला करून तो डाग घासला. डाग पसरून तळहाताएवढा झाला. तेलाच्या डागाला आधी पाणी लावायचं नसतं, हे ज्या बाईनं मला शिकवलं ती दादाच्या मुकुंदवाडीच्या घरात चादरीखाली निजली होती, आणि मी इकडे बेसिनपाशी शर्ट चोळत उभा होतो. त्या शर्टाची मला शिसारी येते. शर्टाची कशाला, माझीच येते.

दादाचं घरापुढंच मोटारसायकलचं गॅरेज. मी कॉलेजात होतो तेव्हा शकूवहिनी गंगापूरकडच्या खेड्यातून लग्न होऊन आमच्याकडे आली, आणि पहिल्याच आठवड्यात दादाचे कपडे तिच्या वाट्याला आले. ते कपडे म्हणजे निव्वळ घाण होती. चेनचं काळं ग्रीस, जळकं ऑइल, पार्ट धुवायचं डिझेल, घाम, वर धुळीचा थर. पँट काढून ठेवली तर आपल्या पायांवर उभी राहील अशी. मोरीतून ते निळसर तवंगाचं पाणी दारासमोरून वाहत जायचं. मी नाकाला रुमाल लावून त्यावरून उडी मारायचो. वहिनी मात्र दगडापाशी बसून निवांत काम करायची. कपडा कोरडाच घ्यायचा. चमच्याच्या पाठीनं ग्रीस खरवडायचं, मग त्यावर चक्क करडईचं तेल चोळायचं. मी एकदा म्हणालो, "तेलकट डागावर आणखी तेल?" तर म्हणाली, "काट्यानं काटा काढत्यात ना, भाऊजी? तसंच हाय हे." मग खडूची पूड, ती तेल पिऊन पिवळी पडली की झटकायची, मग भांड्यांचा साबण आणि दातांचा जुना ब्रश. घासायचं कडेकडून मधे, म्हणजे डाग पसरत नाही. आणि डाग पुरता गेल्याशिवाय इस्त्री नाही. "इस्त्री फिरली की त्यो डाग जन्माचा झाला बघा," असं तिचं म्हणणं. हे सगळं करून दादाचा शर्ट निघायचा स्वच्छ, पण तिच्या हाताच्या भेगांमध्ये काळं बसायचं ते बसायचंच. तिच्या हातावर मात्र तिचा एकही उपाय चालत नव्हता.

बँकेच्या मुलाखतीच्या सकाळी मी घाईत दादाची गाडी बाजूला सारली आणि पांढऱ्या शर्टाच्या बाहीला मनगटापासून कोपरापर्यंत ग्रीस लागलं. तो एकच शर्ट. मी रडकुंडीला येऊन नळाकडे धावलो. वहिनीनं भाकरीचं पीठ तसंच सोडलं आणि शर्ट माझ्या हातातून हिसकावला. "पाणी नका लावू त्याला. पाणी लागलं की मेला म्हना शर्ट." अर्ध्या तासात बाही स्वच्छ. पंख्याखाली वाळवून, उजेडात धरून दोनदा बघून, मगच इस्त्री. घाईत तिनं इस्त्रीचा चटका खाल्ला तोही मला नंतर कळला. मी निघालो तेव्हा म्हणाली, "जा आता, लई भारी दिसताय." नोकरी लागली. पुढं वैजापूरची शाखा, मग बदली होऊन शहर, मग सिडकोत फ्लॅट.

एकदा आमच्या साहेबांना मी कौतुकानं दादाकडे जेवायला नेलं. मटण, भाकरी, सगळं वहिनीनं केलेलं. ती टोपलं घेऊन वाढायला निघाली तसा मी स्वयंपाकघराच्या दारात आडवा झालो. हळू आवाजात म्हणालो, "वहिनी, तुम्ही नका वाढू. हाताला डिझेलचा वास येतो. साहेबांना किळस यायची." साहेबांना कसली किळस, ते हाडूक चोखत बसले होते. किळस मला येत होती, साहेबांचं नुसतं नाव. वहिनीनं तळहात नाकाशी नेला, हुंगला. "व्हय की," म्हणाली, "मला कळतच नाय आता." तिनं टोपलं प्रज्ञाकडे, म्हणजे आपल्या लेकीकडे दिलं आणि आत जाऊन बसली. त्यानंतर मी जेवायला गेलो की वहिनी भाकरी चिमट्यानं वाढायची. मला वाटलं, चला, सुधारली. हे वाटणारा माणूस शिकलेला होता बरं का.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी, वहिनीच्या स्मरणासाठी, आम्ही सगळे पांढऱ्या कपड्यांत बसलो. बुद्धवंदना झाली, मग बोलणारे उठले. कुणी तिला माउली म्हणालं, कुणी कष्टाची मूर्ती. गोड, तुपकट बोलणं, ऐकून जीव विटला. यातल्या किती जणांनी आपली डागाळलेली धोतरं, साड्या, पोरांचे गणवेश तिच्यापुढं आणून टाकले होते ते मला ठाऊक होतं. आणि मग मीही उठलो. हात जोडून म्हणालो, "वहिनीच्या हातच्या भाकरीची सर कशालाच नाही." लोकांनी डोळे पुसले...

मग पंगत बसली. प्रज्ञा भाकरी वाढत आली. शेजाऱ्याच्या ताटात हातानं, त्याच्या शेजाऱ्याच्या ताटात हातानं. माझ्यापाशी आल्यावर तिनं टोपलं खाली ठेवलं, आत जाऊन चिमटा आणला आणि माझी भाकरी त्यानं उचलून ठेवली. मी विचारलं, "हे काय गं?" ती साधेपणानं म्हणाली, "आईनं सांगून ठिवलंय, काका. तुमाला हातानं वाढायचं नाय, तुमाला किळस येती म्हणून." चार माणसांनी ऐकलं. आत्ताच ज्यांनी डोळे पुसले होते तीच चार. मी मान खाली घालून जेवलो. इतक्या वर्षांत तो चिमटा दुसऱ्या कुणासाठी निघत नाही, हे मला एकदाही दिसलं नव्हतं.

मागच्या रविवारी परत गेलो होतो. दादाचे कपडे आता प्रज्ञा धुते, तेच तेल, तीच खडूची पूड. चिमटा ओट्याशेजारच्या खिळ्याला लटकलेला होता, घासून लख्ख केलेला. जेवायला बसल्यावर ती तो काढायला गेली तसा मी म्हणालो, "राहू दे तो, पोरी. हातानं दे." ती थांबली. भाकरीला हात लावण्याआधी तिनं तळहात नाकाशी नेला आणि हुंगून बघितला.