बोटीच्या गाद्यांचा पिवळा काठ

उम्म माजिदच्या शेजारी दईजचं आयुष्य गेलं, पण तिच्याविषयी त्याला खरोखर काय ठाऊक होतं? बहरीनमधल्या मुहर्रकच्या गल्लीत दोघांची भिंत एक. ती त्याला मुलाच्या नावावरून 'बू जब्र', म्हणजे जब्रचे बाबा, म्हणायची. ती विधवा, आणि लग्नाच्या पोशाखांना कुरार लावते, म्हणजे सोनेरी दोऱ्याचा विणलेला काठ. एवढंच.

तिच्या दारात जायची वेळ आली ती बोटीमुळे. दईजच्या जुन्या मोटरबोटीचं इंजिन ठणठणीत होतं, पण गाद्यांचे काठ उसवले होते आणि पाठींवरचं बोटीच्या कंपनीचं चिन्ह, पंख पसरलेला मासा, उन्हाने पार उडालं होतं. कंपनी कधीच बंद पडलेली. आणि शुक्रवारी मुलाच्या सासरचे लोक समुद्रावर यायचे होते.

"बाबा, त्यांना या चिंध्यांवर बसवू?" जब्र म्हणाला. "तोवर नीट झालं तर ठीक. नाहीतर भाड्याची बोट आणतो आणि ही विकून टाकतो."

दईजने घसा खाकरून दार वाजवलं. "उम्म माजिद, तुम्ही... गाद्यांचं काम घ्याल का? बोटीच्या?"

दाराआडून हसू आलं. "म्हणजे यंदा नवरी बोट का, बू जब्र? आणा. पण सोनेरी दोरा खाऱ्या पाण्यात काळा पडेल. जाळ्याचा नायलॉन द्या, पिवळा."

कुरार एकटीने होत नाही. दोघीतिघी बोटांत दोऱ्यांचे फास घेऊन विणतात, एक सुईने टाके घालत जाते. भिंतीपलीकडून गलका येऊ लागला.

"घट्ट ओढ गं! समुद्र आहे, नवरा नाही ऐकून घ्यायला!"

पाठींवरचा मासा उम्म माजिदने जुन्या टाक्यांच्या भोकांवरून जसाच्या तसा भरला.

शुक्रवारी धक्क्यावर शेजारच्या बोटीतून बू सल्मान ओरडला, "दईज, बोटीचं लग्न लावलंस की काय?" सगळे हसले. दईजची मान खाली गेली.

सुनेची आजी मात्र गादीच्या काठावरून बोट फिरवत राहिली. "हातचं कुरार! माझ्या लग्नात असंच होतं. मी इथेच बसणार, पुढे."

बोट सुसाट सुटली. लाटा गाद्यांवर फुटल्या, पिवळ्या माशांवरून पाणी निथळलं, एक टाका हलला नाही.

"बाबा," सुकाणूवरून जब्र ओरडला, "आता विकायचं नाव काढलं तर मला पाण्यात ढकला!"

परतल्यावर बू सल्मान हळूच म्हणाला, "माझ्या गाद्यांचं विचारशील तिला?"

पुढच्याच आठवड्यात उम्म माजिद मुलाकडे गेली, ती कायमची. पण त्याआधी, त्या शुक्रवारच्या संध्याकाळी, दईज मासा घेऊन तिच्या दाराशी उभा होता.

"हामूर आहे. आजचाच."

"केवढा हा! बोट कशी चालली?"

"चांगली."

"गाद्या गोड्या पाण्याने धुवा हं, बू जब्र."

"धुतो."