डोळे मिटलेला मोल्ड

"शेठ, माका नाय जमणा! मी खंयव जांव, ता माझ्याकडेच बघता!"

मशीन चालवणाऱ्या दत्ताचा आवाज भांडुपच्या आमच्या गाळ्यातून सुटला की तिकडे आरे कॉलनीतल्या म्हशी दूध आखडून घ्यायच्या. त्या दिवशी तो मोल्डिंग मशीनपासून चार हात लांब उभा राहून बोंबलत होता. मशीनवर नवा मोल्ड चढवला होता. मी बनवलेला.

मी टूलमेकर. तुमच्या घरातला कंगवा, डबा, बादली ज्या पोलादी साच्यातून निघते, तो साचा कोरणारा माणूस. हा मोल्ड बाहुलीच्या चेहऱ्याचा होता. मोल्डमध्ये सगळं उलटं असतं. नाक म्हणजे खड्डा, गाल म्हणजे वाटी. त्या खोलगट भागाला कॅव्हिटी म्हणतात. मी तिला पॉलिशच असं मारलं होतं की माशी बसली तर घसरून तिचा पाय मोडावा.

"बाहुली काय खाते तुला?" शेठ कावले. "दुपारी पार्टी सॅम्पल न्यायला येतेय. नाही मिळालं तर मोल्ड उचलून वसईला देतील. मग गाळ्याला टाळं लावू, बसू सगळे घरी!"

पार्टी म्हणजे गिऱ्हाईक. आमचं तेव्हा ते एकच उरलं होतं.

"मगे तुमीच चालवा," दत्ता म्हणाला.

शेठ तावातावाने गेले, मशीनचं दार सरकवलं. दर शॉटला, म्हणजे दर तुकड्यामागे, हेच करायचं असतं. दार सरकवायचं, उघड्या मोल्डमध्ये हात घालायचा, गरम तुकडा काढायचा. शेठचा हात निम्म्यावर थांबला. ते डावीकडे झाले. उजवीकडे झाले. मग हात खिशात घालून म्हणाले, "तू बघ रे जरा."

मी हसत गेलो. हसू तिथेच राहिलं.

खड्डा दिसतच नव्हता. दिव्याच्या उजेडात एक उठावदार चेहरा पोलादातून बाहेर आला होता. मी पाऊल सरकवलं, त्याने मान वळवली. मी वाकलो, त्याने खाली पाहिलं. टेबलावर मी त्याच्यावर नाक टेकून, भिंग लावून काम केलं होतं. असा समोर उभा, लांबून, पहिल्यांदाच पाहत होतो.

कारण मला ठाऊक होतं. खोलगट चेहरा माणसाच्या डोक्याला पटत नाही. डोकं त्याला उठावदार करून घेतं, मग आपण हललो की तोच वळल्यासारखा वाटतो. मी दोघांना हे समजावलं. खात्रीसाठी बोट लावायला गेलो, तर बोट गालाच्या आत शिरलं. दत्ता "आवशी गो!" करत गाळ्याबाहेर.

"कारण कळलं ना?" शेठ म्हणाले.

"कळलं."

"मग काढ तू सॅम्पल."

मी मोरीवर हात धुवायला गेलो. मोल्डकडे पाठ होती, तरी मानेवर काटा आला.

"शेठ, डोळे मिटवतो."

"पार्टीने उघडे मागितलेत!"

"मग पार्टीलाच उभं करा हिच्यासमोर."

मोल्डमधलं पोलाद काढता येतं, परत लावता येत नाही. डोळा मिटायचा म्हणजे पापणी फुगवायची, आणि मोल्डमध्ये फुगवायचं म्हणजे आणखी खोदायचं. हात चुकला की मोल्ड भंगारात. मोल्ड उतरवला, छोटा हँड ग्राइंडर घेतला. डावा डोळा मिटवत होतो तेव्हा उजवा माझं काम बघत होता. शेवटी त्याच्यावर फडका टाकला.

मोल्ड परत चढवून पहिला चेहरा निघाला, तोच पार्टी आली. जाडजूड चष्म्याच्या बाई. त्यांनी गरम चेहरा तळहातावर फिरवला. शेठचा श्वास कंप्रेसरसारखा ऐकू येत होता.

"डोळे?"

"झोपलीय, मॅडम," शेठ माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले.

बाईंनी चेहरा चष्म्याजवळ नेला. "उघड्या डोळ्यांच्या सगळ्यांकडेच आहेत. ही चालवा."

काम आमच्याकडेच राहिलं. तेव्हापासून मी कुठलाही चेहऱ्याचा मोल्ड मशीनवर चढवण्याआधी त्याच्यासमोर दोन फेऱ्या मारतो.

दत्ता मशीन झकास चालवू लागला. फक्त त्याचा आवाज गेला. चहा खुणेने मागवायचा. शेठना शिव्या द्यायच्या तर गाळ्याबाहेर जायचा. शेवटी मी त्याच्याजवळ गेलो आणि विचारलं. मीही कुजबुजतच विचारलं, हे नंतर लक्षात आलं.

"अरे, आता कसली भीती? डोळे मिटलेत ना?"

दत्ताने दार सरकवलं, चेहरा काढला, अलगद खोक्यात ठेवला.

"आता बघणा नाय," तो म्हणाला. "आयकता."