चौथा खंड

आमच्या बारामतीच्या कॉलेजातले ग्रंथपाल पणदऱ्याचे, घरचे ऊसवाले. तर्कशास्त्राच्या एका मालिकेचे तीन खंड आले आणि तिन्हींवर मालिकेचं नाव वेगळं. त्यांनी कॅटलॉगात पहिल्यापुढं ‘लागण’ लिहिलं, दुसऱ्यापुढं ‘खोडवा’, तिसऱ्यापुढं ‘निडवा’, म्हणजे एकाच बुडख्यावर ओळीनं घेतलेली उसाची तीन पिकं.

“बुडखा एकच हाय सर, फुटवा येगळा.”

मी चिडलो, पण खंड मात्र पटकन सापडू लागले.

काल चौथा आला, चौथ्याच नावाचा. मी महिनाभर त्याचीच वाट बघत होतो. त्यांनी त्याचा कणा उसाच्या कांड्यासारखा अंगठ्यानं दाबून पाहिला आणि परत पाठवायला बांधायला घेतला.

“निडव्याच्या पुढं ऊस कुणी राखतं व्हय, सर? मोडायचाच.”

मी वीस वर्षं तर्कशास्त्र शिकवतोय. त्यांना गाठ आवळता यावी म्हणून सुतळीवर बोट मीच धरलं.