चार बोटं खाली आलेली जीप

वडापच्या, म्हणजे गावोगाव माणसं भरून नेणाऱ्या जीपची मागची फळी माझ्या कमरेच्या वर यायची. इतरांना ते कळायचंसुद्धा नाही. एक हात दांडीला, एक पाय खालच्या आडव्या पट्टीला, की माणूस आत. माझा डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेलेला, त्याला मांडीपर्यंत लोखंडी पट्ट्यांचा बूट. तो पाय उचलत नाही, आणि उजवा उचलावा तर डावा भार घेत नाही. म्हणून रोज सकाळी बारामतीच्या स्टँडबाहेर मला उचलून जीपमध्ये ठेवावं लागायचं. 'ठेवावं' हे मुद्दामच म्हणते. पोत्यालाही हाच शब्द वापरतात.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. लोणी देवकरच्या एका कारखान्यात मला टेलिफोनच्या बोर्डावर नोकरी लागली होती. जळोचीहून वडील सायकलवर मागं बसवून स्टँडपर्यंत आणायचे, तिथून जीप. नोकरी अगदी मनासारखी होती. कोपऱ्यातल्या खोलीत बसायचं, कानाला यंत्र लावायचं आणि बोलायचं. पुण्या-मुंबईहून फोन करणाऱ्या साहेबांना माझा फक्त आवाज ठाऊक. दिवसभर मी धडधाकट असायचे. संध्याकाळी दारात जीप आली की पुन्हा पोतं.

सकाळी वडील उचलायचे. परतताना ते नसायचे, मग ज्याचा हात जवळ असेल तो उचलायचा. बहुतेक वेळा भाजीवाली मावशी. खेडोपाडी मेथी-कोथिंबीर विकणारी, अंगानं दणकट. ती काखेत हात घालायची आणि बोलता बोलता मला वर चढवायची. तिच्या घरची उसाची शेती. आमचं घर बौद्ध झालेलं. तिच्या सासूच्या पिढीतल्या बायकांनी माझ्या आजीच्या ओंजळीत वरून पाणी ओतलेलं. म्हणून वडिलांना या उचलण्याचं अप्रूप वाटायचं. "हात लावत्यात की आता," ते म्हणायचे, "आमच्या टायमाला हे कुठं हुतं?" एरवी कुणापुढं वाकायचं नाही, कुणाचे उपकार घ्यायचे नाहीत, असा आमच्या घरातला दंडक. आणि मला तर कुणाचाच हात नको होता, वरच्याचा नको की बरोबरीच्याचा नको. पण हे वडिलांना सांगणार कसं?

उपाय करून झाले होते. वडिलांनी घरचा चौरंग आणून पाहिला. "बाईंची पूजा मांडली," असं कुणीतरी म्हणालं, आणि त्याच सकाळी तो चौरंग खडीवर डुगडुगून मी सगळ्यांसमोर तोंडावर आपटले. ड्रायव्हरनं मग मागं एक खालची पायरी वेल्डिंग करून घेतली. ती आठवड्यात खड्ड्याला लागून वाकली. नोकरी सोडावी असं माझ्या मनात रोज सकाळी यायचं आणि बोर्डापुढं बसलं की जायचं.

एका सोमवारी जीप आली ती मागून कुत्रं बसावं तशी बसलेली. ड्रायव्हर तोंडाचा फटकळ, पन्नाशीचा माणूस. माझ्याकडं न बघता वडिलांना म्हणाला, "तात्या, माझी कंबर लई दुखती. कमानीतलं पाटं काढलं थोडं. गाडी खालीबी बसली अन् मऊबी पळती."

कमान म्हणजे चाकाच्या वरची लोखंडी पाट्यांची चळत. गाडीचं सगळं ओझं तीच पेलते. फळी फार नाही, चार बोटंच खाली आली होती. तेवढी पुरली. मी पाठमोरी झाले, फळीवर टेकले, दोन्ही दांड्या धरल्या आणि हातांच्या जोरावर आत सरकले. वडील हात पुढे करून उभेच होते. ते हात त्यांनी हळूच मागं घेतले आणि धोतराला पुसले.

गाडी खरोखर मऊ झाली होती. एरवी प्रत्येक खड्ड्याला बुटाची पट्टी मांडीत रुतायची, कारखाना येईपर्यंत डोळ्यांत पाणी. त्या दिवशी मी खिडकीबाहेर ऊस बघत गेले. इतकी खूश होते की एक साधी गोष्ट लक्षातच आली नाही. पाटे काढले होते मागच्या कमानीतले, आणि ड्रायव्हर बसतो पुढं. त्याच्या कमरेला त्याचा काय उपयोग?

ते कळलं कॅनॉलच्या चारीवर. तिथं पाण्यावरून जाणारी, छोट्या पुलासारखी एक मोरी होती, मध्ये उंच आणि दोन्ही अंगांना खचलेली. वडापची जीप, कोंबून भरलेली. मोरीवर चढली आणि पोट घासल्याचा असा आवाज आला की सगळ्यांनी पाय वर घेतले. ड्रायव्हरनं गाडी मागं घेतली.

"उतरा समदी. मोरीच्या पल्याड बसा."

मीही सरकायला लागले.

"तुमी न्हाय, ताई."

सगळे उतरले. म्हातारेकोतारे, पोर कडेवर घेतलेली एक बाई, मावशी तिच्या गाठोड्यासकट. रिकाम्या जीपमध्ये मी एकटी, आणि मागून ती सगळी माणसं फुफाट्यातून चालत येणारी. मागचा भाग उघडाच, लपायला जागा नाही. वरातीतली नवरी तरी मान खाली घालून बसते, तिला तेवढी सोय असते. मला भुईनं पोटात घ्यावं असं वाटलं. आजवर एक माणूस मला उचलत होता, आता अख्खी जीप माझ्यासाठी चालत होती.

हे मग रोजचंच झालं. शेवटी मी ड्रायव्हरला म्हणाले, "पाटे परत बसवा. लोकांना त्रास होतोय."

"बसवतो की. अन् तुमी चढणार कशा?"

मावशी मागून म्हणाली, "पोरी, आमी उतरतो ते आमच्या वजनानं. तुजं वजन ते केवढं, कोथिंबिरीची जुडी." सगळे हसले. मी हसले नाही. मला त्यांच्या चांगुलपणाचा राग येत होता, आणि त्या रागाचीही लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी मोरीपाशी सगळे उतरले तशी मीही उतरले. आता उतरता येत होतं ना. जीप पलीकडं जाऊन थांबली आणि मी चालायला लागले. मोरी अशी किती लांब, पण मुरमावर बूट सरकायचा, दर पावलाला तोल सावरावा लागायचा. बाकीचे केव्हाच पोचले होते. आत न बसता जीपभोवती उभे होते. कुणी हाक मारली नाही, कुणी घड्याळ बघितलं नाही. मी पोचले, घामानं निथळत टेकले आणि आपली आपण आत गेले. मान ताठ होती माझी. आज कुणाचं देणं राहिलं नाही, असं वाटलं.

कारखान्यात बोर्डापुढं बसते न बसते तोच गेटवरून घंटी आली. वॉचमन होता.

"ताई, टाइम ऑफिस द्या. एक जण लेट आलाय, अर्धा खाडा टाकायचाय."

त्यानं नाव सांगितलं. रोज जीपमध्ये माझ्यासमोरच्या बाकावर बसणारा, डबा मांडीवर घेऊन डुलक्या काढणारा कामगार. त्याची पाळी माझ्या ऑफिसच्या आधी सुरू व्हायची, हे मला ठाऊक असायला हवं होतं.

"कारण काय सांगतोय?" मी विचारलं. ते विचारणं माझं काम नव्हतं.

"काय न्हाय. झोपून राहिलो म्हणतोय."

मी लाईन जोडून दिली. दुसरं काय करणार होते? दिवसभर पुण्या-मुंबईच्या साहेबांशी गोड आवाजात बोलले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्या आवाजाचीही लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी जीपमध्ये तो समोरच होता. माफी मागायचे शब्द मी घरून जुळवून आणले होते, पण त्याच्याकडं बघायचं धाडस होईना. मोरी आली. ड्रायव्हरनं गाडी थांबवली आणि आरशातून माझ्याकडं बघितलं. मी दांडीला हात घातला, आणि काढून घेतला.

तो कामगार उठला. उतरता उतरता वळला आणि त्याचा डबा माझ्या मांडीवर ठेवला.

"धरा तेवढा, ताई. चालताना कालवण सांडतंय."

त्याच्यामागून उतरणाऱ्यानं पिशवी ठेवली. त्या बाईनं कडेवरचं पोर माझ्याजवळ बसवलं. मावशीनं गाठोडं माझ्या बुटावर टेकवलं, आणि "पडू दिऊ नगं," असं दरडावलं.

लाज गेली नाही. ती आजही, एवढ्या वर्षांनी, कुणी हात पुढं केला की येते. पण त्या सकाळी जीप मोरीवर चढली तेव्हा एका हातानं पोराला सावरायचं आणि दुसऱ्यानं डबा धरायचा होता. डबा अजून गरम होता. पलीकडं पोचेपर्यंत मी तो घट्ट धरून बसले.