सहा गोळ्यांचा शेजारधर्म

आईची कंबर मिठागरात गेली. ऑपरेशननंतरही दुखणं राहिलं, तेव्हा पेणच्या डॉक्टरांनी अफूच्या जातीतल्या गोळ्या सुरू केल्या, त्या अटी घालून. डॉक्टर एक, दुकान एक. रोह्याला मावशीकडे गेली तरी तिथल्या डॉक्टरकडून घ्यायच्या नाहीत. दर महिन्याला रिकामी पाकिटं आणि उरलेल्या गोळ्या आणून दाखवायच्या.

मी चळवळीची पत्रकं वाचत वाढले. मला हा गरिबांवरचा पहारा वाटला. "जन्मभर मीठ ओढलेल्या बाईला तुम्ही चोर समजता," मी डॉक्टरांना तोंडावर म्हणाले.

"पाकिटं आणा," ते म्हणाले.

तिसऱ्या महिन्यात सहा गोळ्या कमी भरल्या.

"जास्त घेतल्यात?" डॉक्टरांनी आईला विचारलं.

"नाय वो. शेजारणीला दिल्या. तिचे गुडघे लय धरलेत."

आमच्याकडे वाटीभर कालवण जातं, तशी गोळीही जाते.

"तिला दुसरं औषध चालू आहे?"

"झोपेची गोळी घेते रोज."

डॉक्टर उभेच राहिले. "दोन्ही एकत्र घेतल्या तर झोपेत श्वास थांबू शकतो. फोन लावा तिला."

फोन लागेना. एसटीची वाट न बघता पेणच्या रामवाडी स्टँडवरूनच गावाकडे रिक्षा केली.

शेजारीण ओटीवर जवळा निवडत बसली होती.

"गोळ्या दे परत!" आई अंगणातूनच ओरडली.

"दिलेलं परत मागतेस व्हय गो? मग माझा जवळा पन आन!"

"जवळा पोटात गेला. तू मसनात जाशील."

डॉक्टरांचं म्हणणं मी सांगितलं. तिने दोनच खाल्ल्या होत्या. "दोनी दिवस सकाळी उठवतच नव्हतं. मला वाटलं, गुन आला," म्हणत तिने मिसळणाच्या डब्यातून उरलेल्या चार काढून दिल्या.

डॉक्टरांनी मग महिन्याऐवजी आठवड्याच्याच गोळ्या द्यायला सुरुवात केली. त्या कंबरेने दर सोमवारी पेण गाठायचं, कारण खाडीकाठच्या गावांत अशा गोळ्या देणारा डॉक्टरच नाही. हा अन्याय आहे, आणि त्याबद्दल मी अजून भांडते. मोजणीबद्दल भांडणं सोडलं.

गोळ्या परत घेतल्यावर दोन दिवसांनी शेजारीण पुन्हा गुडघा चोळत आली.

"माझ्यातली देनार नाय," आई म्हणाली. "सोमवारी चल संगती."

"एका गोळीसाठी पेण?" ती तणतणत गेली आणि नंतर बोललीच नाही. सोमवारी मात्र आमच्याआधी नाक्यावर उभी होती.