रूळमास्तर

आमच्या गावच्या टपाल कचेरीतल्या मास्तरांनी माझ्या देखत तिघांना मारलं. तिघांचाही गुन्हा एकच, दुसऱ्याचं पत्र वाचणं. कचेरीतला लाकडी रूळ सरकारनं रेघा मारायला दिलेला असावा, पण त्यानं रेघ मारलेली मी तरी कधी पाहिली नाही. गाव त्यांना रूळमास्तर म्हणायचं. अर्थात पाठीमागे, आणि तेही रुळाच्या टप्प्याबाहेरून.

मंगरूळपीरहून शेलूबाजारला जाणाऱ्या रस्त्यावरचं आमचं गाव, सत्तरच्या दशकातलं. निम्म्या गावाला अक्षरओळख नव्हती. कुणाचं पत्र आलं की वाचून दाखवायला दहा जण तयार, आणि कुणाच्या जावयानं लेकीला टाकलं हे संध्याकाळपर्यंत पारावर पोचलेलं. मास्तरांना याचा भयंकर संताप. साधं कार्डसुद्धा ते जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायचे. एकदा सरपंचांच्या मेव्हण्यानं टेबलावरचं कुणाचं तरी कार्ड उलटून पाहिलं. मास्तरांनी त्याच्या मनगटावर असा रूळ हाणला की तो खालीच बसला. "कार्ड उघडं असते म्हनून मानूस उघडा असते काय बे?" मेव्हणा रडत जाऊन सरपंचांना घेऊन आला. सरपंच म्हणाले, "मास्तर, त्याले आनखी एक द्या. माह्येबी पत्रं तुमच्याकडंच येतेत."

ज्यांना लिहिता येत नाही त्यांची पत्रं मास्तर दार लावून लिहून द्यायचे. लिहून झालं की शाईवर दाबलेला टीपकागद लाख वितळवायच्या दिव्यावर जाळून टाकायचे. मी एकदा विचारलं, "काहून जाळता?" त्यांनी स्वतःचं नाव लिहून त्यावर कोरा टीपकागद दाबला आणि तो भिंतीवरच्या आरशासमोर धरला. उलटी अक्षरं सुलटी होऊन समोर आली. "पाह्य, चोर कुठून घुसते ते!" माझी नात आता मोबाइलचं कुलूप कुणाला उघडू देत नाही. ही पोरगी मास्तरांना आवडली असती.

पुढे माझ्यावरच पाळी आली. आम्ही शेतीवाले कुणबी. माझं मन ज्याच्यावर जडलं तो बौद्ध, मानोऱ्याकडचा, रेल्वेत नुकताच लागलेला. आम्ही लग्न केलं आणि दूर निघून गेलो. माझ्या दादानं गावभर सांगितलं, सापडले की दोघांनाही कुऱ्हाडीनं तोडतो. दादा बोलला की करायचा. कडब्याच्या भांडणात त्यानं एकाचं डोकं फोडलेलं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून मी पाकीट मास्तरांच्या नावानं पाठवायची. माय कचेरीत जायची, मास्तर दार लावून तिला वाचून दाखवायचे आणि पाकिटासकट सगळं जाळायचे.

मायनं चूक केली ती एकदाच. मास्तरांची पाठ वळली तेव्हा तिनं पाकिटावरचं तिकीट सोलून पदरात घेतलं. त्यावरचा ठसा तिला वाचता येत नव्हता, आणि त्यात गावाचं नाव असतं हेही तिला माहीत नव्हतं. ते तिकीट मी जिभेनं ओलं करून लावलंय, एवढंच तिला कळत होतं. लेकीची थुंकी लागलेला तो कागद तिनं कुंकवाच्या करंड्यात जपून ठेवला. तिथंच तो दादाला सापडला.

ठसा इंग्रजी, अर्धवट आणि पुसट. गावात असा ठसा वाचणारा माणूस एकच होता. दादा आणि चुलतभाऊ भर दुपारी कचेरीत घुसले. "वाचा," दादा म्हणाला. मास्तरांनी चष्मा पुसला, तिकीट बोटावर घेतलं, खिडकीच्या उजेडात नीट पाहिलं आणि तोंडात टाकून गिळलं.

मग त्यांच्याच रुळानं त्यांना मारलं. रूळ मोडल्यावर दादानं टपालाचा लोखंडी शिक्का उचलला. चुलतभावानं मास्तरांचा उजवा पंजा टेबलावर दाबून धरला आणि दादा बोटांवर शिक्का घालत राहिला. दर घावाला एकच प्रश्न, "कोनतं गाव?" चार बोटं मोडली, दोन दात पडले, सदरा रक्तानं भिजला. मास्तरांचं एकच उत्तर, "मारा. मले याद नाई." धादांत खोटं होतं. माझा पत्ता त्यांना घरक्रमांकासकट पाठ होता.

महिन्याभरानं मला एक पत्र आलं. अक्षर वाकडंतिकडं, कुणी नवशिक्यानं गिरवल्यासारखं. "घर बदला. माय बरी आहे." आम्ही घर बदललं. हे मास्तरांनी डाव्या हातानं लिहिलंय, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

नऊ वर्षांनी दादाचा राग निवला आणि मी गावी गेले. मायला घेऊन पहिली मास्तरांकडे गेले. ते निवृत्त होऊन घरच्या ओसरीवर खाट टाकून बसलेले. उजव्या हाताची बोटं वाळक्या शेंगांसारखी आखडलेली. मला रडू आवरेना. मारहाणीचं कानावर आलं होतं, मूळ मात्र कुणी सांगत नव्हतं. मी विचारलं, "मास्तर, माह्या पत्त्याचा माग दादाले कोनं देला?"

माय मान खाली घालून बसली होती.

"ते दुसऱ्याचं टपाल हाये," मास्तर म्हणाले.

"पन जीव तं माहा होता ना! मले सांगाच."

त्यांनी खाटेखाली हात घातला. तिथं नवा रूळ होता. डाव्या हातानं त्यांनी तो माझ्या मनगटावर सणसणीत हाणला, आणि मायला म्हणाले, "बाई, चहा घेऊन जाजा."

तिकिटाची गोष्ट पुढे दादानंच मला सांगितली, माय गेल्यावर. तोवर मास्तरही राहिले नव्हते. रूळ बसलेलं ते मनगट दुसऱ्या हातात धरून मी कितीतरी वेळ रडत बसले.