देव्हाऱ्यातली डिस्क

ज्या वस्तूने आपलं रक्षण करायचं, तिलाच कोपऱ्यात बसवून हात जोडणं, याला तुम्ही भक्ती म्हणाल की आळस?

ग्वाल्हेरच्या दौलतगंजातले आमचे शेजारी काका प्रत्येक वाक्य "देखो बेटा"ने सुरू करतात आणि दोष नेहमी यंत्राला देतात. त्यांच्या घरातल्या तिन्ही कॉम्प्युटरांची कॉपी रोज एका डिस्कवर उतरायला हवी. दसऱ्यापासून मात्र पडद्यावर 'बॅकअप बाकी' अशी लाल सूचना झळकत होती. त्यांच्या गेलेल्या आईचा एकमेव ध्वनिमुद्रित आवाज त्यांतल्याच एका कॉम्प्युटरात होता.

"देखो बेटा, मशीनच निकम्मी आहे."

"पण काका, डिस्क कुठंय?"

त्यांनी देव्हाऱ्याकडे बोट केलं. खंडेनवमीच्या शस्त्रपूजेत पणजोबांच्या तलवारीशेजारी मांडलेली डिस्क अजून तिथेच होती. वायरीच्या भोकात कुंकू भरलं होतं.

"पूजेतली वस्तू उचलून कामाला कशी लावायची?"

"तलवार नाही लावली, म्हणूनच गंजली ना?"

 मग काकांनी जुन्या ब्रशने कुंकू झाडलं, डिस्कला नमस्कार करून वायर जोडली आणि आईचा आवाज उतरेपर्यंत हात जोडूनच बसले.

वाचकहो, खंडेनवमीला पूजा खुशाल करा. फक्त त्याच संध्याकाळी वायर परत जोडा.